यंत्राचा आकडा आणि डॉक्टरचा निवाडा

नशेत असलेल्या माणसाने गाडी चालवू नये, सिग्नल देऊ नये, फाटक सांभाळू नये आणि टपालाची मोटारही रस्त्यावर काढू नये, याबद्दल आमच्या महासंघात कधी दुमत नव्हते आणि आजही नाही. इंजिनात बसलेल्या एका माणसाच्या पाठीमागे हजार-दीड हजार उतारूंचे प्राण असतात आणि त्याच्या पुढच्या रुळावर आमचीच गँग हातात पहार घेऊन उभी असते. तेव्हा चाचणी असावी की नसावी, हा या लेखाचा विषयच नाही. यंत्राने आकडा दाखविल्यानंतर आणि कामगाराच्या हातात एसएफ-५ पडण्यापूर्वी मध्ये कोण उभे असते, हा आमचा प्रश्न आहे. मध्ये कोणीच नसेल, तर यंत्र हाच फिर्यादी, यंत्र हाच साक्षीदार आणि यंत्र हाच न्यायाधीश, अशी स्थिती होते.

नियम काय म्हणतो ते आधी पाहू. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांतील २.०९ हा नियम रनिंग स्टाफला पाठ असतो. कामावर असताना कोणीही कर्मचारी नशेच्या अंमलाखाली असता कामा नये, आणि गाड्यांच्या परिचालनाशी थेट संबंध असलेल्याने ड्यूटी सुरू होण्यापूर्वीच्या आठ तासांत मद्य, गुंगी आणणारे औषध, मादक वा उत्तेजक द्रव्य घेऊ नये, असे तो सांगतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १७२ ने नशेत काम करणे हा गुन्हा ठरविला असून, त्यामुळे कोणाच्या जिवाला धोका पोहोचण्याचा संभव असेल तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली आहे. टपाल खात्यातील बांधवांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २२ लागू आहे. मेल मोटर सर्व्हिसच्या ड्रायव्हरला त्याशिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ आहेच. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा होतो.

हे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. पण त्यातील शब्द नीट वाचा. नियम माणसाच्या अवस्थेविषयी बोलतो, त्याने काय घेतले याविषयी बोलतो. यंत्र मात्र यापैकी काहीच सांगत नाही. ते एक आकडा सांगते. त्या आकड्याचा अर्थ कोणीतरी लावावा लागतो.

लॉबीत साइन-ऑन करताना आपण ज्या नळीत फुंकर मारतो, ते यंत्र रक्त तपासत नाही. ते श्वासातील मद्यार्क मोजते आणि त्यावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज बांधते. फुफ्फुसातल्या हवेपेक्षा रक्तात सुमारे २१०० पट मद्यार्क असते, असे सर्वसाधारण गृहीत धरून हा हिशेब केला जातो. फुंकर जर फुफ्फुसातून आली असेल तर अंदाज बहुतांशी बरोबर येतो. पण नुकतेच माउथवॉशने खळखळून चूळ भरलेली असेल, खोकल्याचे मद्यार्कयुक्त औषध घेतलेले असेल, होमिओपॅथीच्या थेंबांची मात्रा जिभेवर ठेवलेली असेल किंवा दशमूलारिष्टासारखे आसव-अरिष्ट घोटभर घेतलेले असेल, तर तोंडातच मद्यार्काची वाफ शिल्लक राहते. यंत्र तीही मोजते. अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतूनच मद्यार्क तयार होते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. अशी वाफ साधारण पंधरा मिनिटांत विरून जाते. म्हणजे पंधरा मिनिटे थांबून दुसरी फुंकर घेतली तर तोंडातले काय आणि रक्तातले काय, याचा बराचसा उलगडा जागच्या जागी होतो. पंधरा मिनिटांची किंमत गाडीच्या वेळापत्रकात मोजता येते. एका माणसाच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीची किंमत मात्र अशी मोजता येत नाही.

हा केवळ तर्क नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागात काय घडले ते वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेच आहे. श्वासयंत्राने काही लोको पायलटांचे आकडे दाखविले, पण रक्ताच्या तपासणीत मद्यार्क आढळले नाही. यावर खरा उपाय म्हणजे यंत्रे तपासणे आणि निष्कर्षाची पद्धत सुधारणे. त्याऐवजी आदेश निघाला तो लोको पायलटांनी काय खावे-प्यावे याचा. नारळपाणी, काही जातींची केळी, शीतपेये, खोकल्याची औषधे, माउथवॉश, होमिओपॅथीची औषधे या सर्वांवर बंधन! केरळात नारळपाण्यावर बंदी म्हणजे कोल्हापुरात रश्श्यावर बंदी. टीका झाल्यावर तो आदेश मागे घेण्यात आला. आदेश गेला, पण तो ज्या विचारातून निघाला तो विचार गेला असे समजण्याचे कारण नाही. यंत्राची शंका आली की दोष माणसाच्या खाण्यात शोधायचा, ही ती मनोवृत्ती होय.

न्यायालयांनी या बाबतीत अधिक सावधपणा दाखविला आहे. १९७१ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाला वास येणे, चाल अडखळणे, बाहुल्या विस्फारलेल्या असणे, एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येत नाही. २०२४ साली पाटणा उच्च न्यायालयाने त्याच निर्णयाचा आधार घेतला. दारूबंदी असलेल्या बिहारमध्ये केवळ श्वासयंत्राच्या अहवालावर बडतर्फ केलेल्या एका सरकारी कर्मचाऱ्याची बडतर्फी न्यायालयाने रद्द ठरविली. सर्दी-खोकल्यासाठी मद्यार्क असलेले औषध घेतले होते, असे त्या कर्मचाऱ्याचे म्हणणे होते. रक्त वा लघवीची तपासणी झालेलीच नव्हती. न्याय मिळाला, पण तो बडतर्फीनंतर काही वर्षांनी मिळाला. तोवर त्या घराची चूल कशी पेटली असेल, याची नोंद निकालपत्रात नसते.

या ठिकाणी अमेरिकेतील रेल्वे कामगारांचा अनुभव समजून घेणे उपयोगी आहे, कारण नशेच्या चाचण्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे आपल्या आधी आला आणि तो अतिशय कटू रीतीने आला. ४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँड राज्यातील चेस या ठिकाणी कॉनरेल कंपनीची जोडइंजिने थांब्याचा सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली आणि अ‍ॅमट्रॅकची भरधाव उतारू गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिनावरील दोघांनी गांजा ओढला होता, हे तपासात निष्पन्न झाले. तेथील रेल्वे प्रशासनाने १९८५ मध्येच चाचण्यांचे नियम केले होते आणि कामगार संघटनांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिले होते. २१ मार्च १९८९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी संघटनांच्या विरोधात निकाल दिला. शरीरातून नमुना घेणे ही एक प्रकारची झडतीच आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण उतारूंच्या सुरक्षिततेपुढे ती समर्थनीय ठरविली.

म्हणजे चाचणी नको, ही लढाई तेथे हरली. परंतु चाचणी कशी असावी, या दुसऱ्या प्रश्नाला तेथील नियमांनी जे उत्तर दिले त्याचा अभ्यास आपण करावयास हवा. १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे तेथे निघाली, त्यांत वैद्यकीय पुनरावलोकन अधिकारी ही व्यवस्था आली. १९९१ च्या कायद्याने वाहतूक कामगारांचा नमुना दोन बाटल्यांत विभागून ठेवणे बंधनकारक केले.

ही व्यवस्था अशी चालते. लघवीचा नमुना कामगारासमोर दोन बाटल्यांत भरून मोहोरबंद होतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पहिल्या बाटलीची प्राथमिक चाचणी होते आणि ती सकारात्मक आली तर अधिक अचूक पद्धतीने खातरजमा होते. त्यातही द्रव्य आढळले तरी प्रयोगशाळा अहवाल मालकाकडे पाठवीत नाही. तो एका डॉक्टरकडे जातो. या डॉक्टरने या विषयाचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते आणि प्रयोगशाळेशी त्याचे हितसंबंध गुंतलेले चालत नाहीत. डॉक्टर आधी कामगाराशी खाजगीत बोलतो. कोणती औषधे चालू आहेत, कोणी लिहून दिली, का दिली, हे विचारतो आणि पडताळून पाहतो. वैध वैद्यकीय कारण सापडले तर तो मालकाला ‘निकाल नकारात्मक’ एवढेच कळवितो. कारण सापडले नाही, तरी कामगाराला ७२ तासांच्या आत दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून मागता येते. डॉक्टरचा निर्णय येण्याआधी केवळ प्रयोगशाळेच्या आकड्यावरून कामगाराला कामावरून दूर ठेवण्याची मालकाला सर्वसाधारणपणे मुभा नाही.

श्वासचाचणीला तेथे डॉक्टरच्या पुनरावलोकनाची पायरी नाही, हेही सांगितले पाहिजे. पण तिच्यासाठी दुसरे संरक्षण आहे. पहिल्या फुंकरीत १०० मिलिलिटरला २० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक आकडा आला, तर किमान पंधरा मिनिटे थांबून दुसरी, खातरजमेची चाचणी घ्यावीच लागते. दुसऱ्या चाचणीपूर्वी यंत्रात कोरी हवा घेऊन ते शून्य दाखविते का, हे कामगाराला दाखवावे लागते. दुसरा आकडा हाच अंतिम मानतात.

डॉक्टर मध्ये असल्याने काय फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ते म्हणजे खसखस. ही अफूच्या बोंडातलीच बी. तिच्यात नशा नसली तरी मॉर्फिनचा अंश लागून येतो आणि खाल्ल्यानंतर तो लघवीत उतरतो. अमेरिकेत खसखस लावलेला पाव खाणारे कामगार यंत्राच्या लेखी अफूबाज ठरू लागले. डॉक्टरांनी एकेका माणसाशी बोलून असे अहवाल फेटाळले, तेव्हा चाळणीच फार बारीक असल्याचे सरकारच्या ध्यानात आले. सबब १९९८ साली अफूवर्गीय द्रव्यांची प्राथमिक मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅम करण्यात आली. आता आपला दिवाळीचा फराळ आठवा. अनारशाला खसखस, डिंकाच्या लाडवात खसखस, मटणाच्या वाटणात खसखस. तेथे पाव खाणाऱ्यावर जी वेळ आली, ती येथे अनारसा खाणाऱ्यावर येणार नाही, याची हमी यंत्र देऊ शकत नाही. ती डॉक्टरच देऊ शकतो.

कोणी म्हणेल, आपल्याकडे तर दारूचीच चाचणी होते, मग गांजा-अफूची चर्चा आजच कशाला? त्याचे उत्तर असे की, दार उघडलेले आहे. विमान वाहतुकीत ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या मादक द्रव्यांच्या आकस्मिक चाचण्या सुरू झाल्या आहेत. रेल्वेकडे हे पाऊल वळणार नाही, असे धरून चालणे म्हणजे डिस्टंट सिग्नल पिवळा दिसत असता वेग न आवरण्यासारखे आहे. अशा चाचण्या आल्या, तर त्यांचा घोटाळा श्वासयंत्रापेक्षा मोठा असेल. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि तापात, जुलाबात सर्रास दिले जाणारे ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांमुळे काही प्राथमिक चाचण्या अफूवर्गीय द्रव्य असल्याचे खोटेच दाखवितात, ही वैद्यकशास्त्रात नोंदलेली गोष्ट आहे. गांजा-भांगेचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो. तो माणूस चाचणीच्या दिवशी नशेत होता की नाही, हे त्यावरून कळत नाही.

अमेरिकेची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. तेथील या डॉक्टराचे पैसे मालकच भरतो, मुलाखत बहुधा फोनवरच उरकते आणि औषध वैध असल्याचे दाखविण्याचा भार मुख्यतः कामगारावर पडतो. कामगाराच्या औषधामुळे सुरक्षिततेला धोका आहे असे वाटल्यास डॉक्टर ते मालकाला कळवूही शकतो. तरीही एक तत्त्व तेथे लेखी मान्य झाले आहे: प्रयोगशाळेचा आकडा ही माहिती आहे, निर्णय नव्हे, आणि निर्णयापूर्वी कामगाराचे म्हणणे वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या माणसाने ऐकले पाहिजे. शिस्त आणि अपील नियम, १९६८ च्या नियम ९ खालील चौकशीत आपल्याला बचावाची संधी मिळते हे खरे. पण ती चार्जशीटनंतर मिळते. तोवर सस्पेन्शन झालेले असते, अर्धपगारी रजेच्या वेतनाइतक्या निर्वाह भत्त्यावर घर चालवावे लागते, किलोमीटरेज बुडालेले असते आणि रेल्वे कॉलनीत ‘पिऊन ड्यूटीवर आला होता’ ही कुजबूज सुरू झालेली असते. सहा महिन्यांनी चौकशीत निर्दोष सुटलेल्या माणसाची ही कुजबूज कोणता अधिकारी परत घेतो?

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१) श्वासयंत्राने आकडा दाखविल्यास किमान पंधरा मिनिटांनी, पाण्याने चूळ भरू देऊन, शक्यतो दुसऱ्या यंत्रावर खातरजमेची चाचणी घ्यावी. दोन्ही चाचण्यांची छापील नोंद कर्मचाऱ्याला द्यावी.

२) दुसराही आकडा वादग्रस्त असेल तर कर्मचाऱ्याच्या मागणीवरून विनाविलंब रक्ताचा नमुना घ्यावा, तो दोन भागांत मोहोरबंद करावा आणि घेतल्याची वेळ लिहावी. रक्तातील मद्यार्क ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. उशीर झाला की निर्दोष माणसाचा पुरावाही संशयास्पद ठरतो आणि दोषी माणूस सुटतो.

३) अहवाल थेट शिस्तभंग अधिकाऱ्याकडे न जाता आधी प्रशिक्षित रेल्वे डॉक्टरकडे जावा. त्याने कर्मचाऱ्याचे म्हणणे खाजगीत ऐकून लेखी मत द्यावे. त्या मताशिवाय सस्पेन्शन वा चार्जशीट नको. तोवर कर्मचाऱ्याला गाडीवर पाठवू नये, पण त्याचा पगारही तोडू नये.

४) आजार आणि औषधे यांची माहिती डॉक्टरच्या कपाटाबाहेर जाऊ नये. लॉबीच्या फळ्यावर कोणाचे नाव लागू नये.

५) प्रत्येक यंत्राच्या कॅलिब्रेशनची तारीख यंत्रावरच दिसावी आणि नोंदवही संघटनेच्या प्रतिनिधीला पाहावयास मिळावी.

६) जो स्वतःहून व्यसनाची कबुली देऊन उपचार मागतो, त्याला आजारी समजावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ च्या आचारसंहितेचीही हीच दिशा आहे.

या मागण्या करताना आपल्या बंधुभगिनींनाही चार गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. आठ तासांचा नियम पाळला की सुटलो, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. रात्री बारा वाजता रक्तात १५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाच्या अंगात ताशी १५ च्या हिशेबाने सकाळी आठला ३० मिलिग्रॅम शिल्लक असते. आठ तास उलटूनही तो निर्दोष नसतो. अशा सभासदाची वकिली संघटना करणार नाही. संघटनेचे संरक्षण हे खऱ्या कामगारासाठी आहे, बाटलीसाठी नाही.

सर्दी-खोकल्याचे वा झोप आणणारे औषध घेत असाल तर ते रेल्वेच्या वा मान्यताप्राप्त डॉक्टरकडून लिहून घ्या, चिठ्ठी खिशात ठेवा आणि साइन-ऑन करण्यापूर्वी सांगा. अंगात बरे नसेल तर गाडी घेण्याआधी सिकमध्ये जा. चाचणी नाकारू नका, लॉबी सोडून जाऊ नका, हुज्जत घालू नका. रक्ततपासणीची मागणी तिथल्या तिथे लेखी करा, वेळ लिहा, साक्षीदाराची सही घ्या आणि शाखा सचिवाला कळवा. दुसऱ्याने लिहिलेल्या कबुलीजबाबावर मात्र सही करू नका. मेल मोटरच्या ड्रायव्हर बांधवांनाही हेच लागू आहे.

शाखांनीही हात बांधून बसू नये. अमेरिकेतील रेल्वे संघटनांनी १९८० च्या दशकात ‘ऑपरेशन रेडब्लॉक’ नावाची चळवळ उभी केली. पिऊन आलेल्या सोबत्याला त्याच्या सहकाऱ्यांनीच गाडीवर चढण्याआधी अडवायचे आणि उपचाराकडे वळवायचे, हे तिचे सूत्र. आपल्याकडे त्यासाठी परदेशी नाव नको. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्था आहेत, प्रत्येक डेपोत आणि आरएमएसच्या प्रत्येक सेटमध्ये दोन समंजस माणसे आहेत. शाखेने त्यांची नावे जाहीर करावीत. रात्री दोन वाजता घरचे माणूस ज्यांना फोन करू शकेल, अशी ती माणसे असावीत.

या मागण्यांत प्रशासनाला परवडणार नाही असे काही नाही. दुसरी फुंकर, दोन बाटल्या आणि एका डॉक्टरचा अर्धा तास, एवढाच हा खर्च आहे. येत्या कार्यकारिणीत हा मसुदा मांडण्यात येईल. विभागीय शाखांनी आपल्या लॉबीतील यंत्रांची स्थिती, चाचणीची प्रत्यक्ष पद्धत आणि घडलेली प्रकरणे लेखी कळवावीत. वाटाघाटीच्या टेबलावर कागद बोलतो. तो कागद आपण तयार ठेवू या.